आईच्या मापाची विळी

मुलांनो,

गेल्या महिन्यात तुमच्यातल्या धाकटीने मला एक फोटो पाठवला. अंगात चामड्याचा एप्रन, डोळ्यांवर जाड चष्मा, हातात हातोडा आणि समोर लालभडक झालेली लोखंडाची कांब. सुट्टीच्या दिवशी ती एका वर्गाला जाते आणि स्वैपाकघरातल्या वस्तू स्वतः ठोकून करायला शिकते, असे तिच्या आईने कळवले. पहिले उलथणे वाकडे झाले म्हणून ती जरा हिरमुसली होती. फोनवर तिने मला विचारले, "आजी, आपल्या घरात कधी कोणी असं लोखंड ठोकून करून घेतलं होतं का?" मी "हो" म्हटले. पुढचे सांगायचे राहून गेले, कारण तेवढ्यात तिची बस आली.

ते राहिलेले आता लिहिते. डोळ्याचे ऑपरेशन होऊन दोन महिने झाले आहेत आणि डॉक्टरांनी रोज एक तास लिहावाचायची मोकळीक दिली आहे. शिवाय हे सगळे डोळ्यांनी पाहिलेली आता मी एकटीच उरले आहे. इंग्रजीत लिहिले असते तर तुम्हाला सोपे गेले असते हे मला कळते. पण आयुष्यभर इंग्रजी वाचून आणि शिकवूनही विळीला इंग्रजीत काय म्हणावे ते मला ठरवता आलेले नाही. तेव्हा मराठीतच लिहिते. अडेल तिथे आईला विचारा.

आम्ही रत्नागिरीत राहत होतो. गोष्ट एकोणीसशे तीसनंतरच्या एक-दोन वर्षांतली, मी इंग्रजी चौथीत होते तेव्हाची, म्हणजे तुमच्या भाषेत आठवी. घरात आम्ही चार माणसे. आजी, म्हणजे माझ्या वडिलांची आई, वडील, आई, आणि मी. वडील कोर्टात कारकून होते. अक्षर सुंदर, स्वभाव नेमका. पेन्सिलीने रेघ ओढायची झाली तरी ते फूटपट्टी शोधत. माझ्या शिक्षणाचा आग्रह त्यांचाच. शाळेतून आले की भूमितीची वही मी आधी त्यांना दाखवायची आणि मग जेवायचे, असा घरातला क्रम होता.

त्या वर्षी श्रावणात आई विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरली. जांभ्या दगडावर पावसाळ्यात शेवाळ धरते. राख टाकून घासले तरी चार दिवसांत पुन्हा येते. ती उजव्या हातावर पडली आणि मनगट मोडले. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावून हात बांधला. दीड महिन्याने सोडला तेव्हा हाड सांधलेले होते, पण हात फिरेना. अंगठा वर ठेवून हात पुढे धरला की जसा राहतो, तसाच तो राहिला. पालथा होत नव्हता आणि उताणाही होत नव्हता. बोटांत मात्र जोर होता, पकड पहिल्यासारखी होती.

एवढ्याने काय बिघडते असे तुम्हाला वाटेल. हात तसा धरा आणि न फिरवता तव्यावरचे काहीतरी उलटून बघा. पळीतले तेल आमटीत ओतून बघा. नारळाची वाटी खवणीवर धरून फिरवून बघा. आमच्याकडे नारळ खवल्याशिवाय एक दिवस जात नसे. आई पहाटे उठून पूर्वीसारखी चुलीपाशी बसे आणि तासाभरात घामाघूम होई. एकदा फोडणीचे तेल तिच्या पावलावर सांडले. त्यानंतर आजीने तिला चुलीपासून उठवले आणि स्वतः बसली. आजीचे वय तेव्हा सत्तरीच्या आसपास, गुडघे धरलेले. तिलाही ते झेपत नव्हते.

डाव्या हाताने का नाही, असे तुम्ही विचारणार. आईनेही विचारले होते. आजी म्हणाली, "डाव्या हाताने शिजवलेलं देवाला कसं दाखवू? आणि देवाला नाही ते आपण कसं खायचं?" हा तिचा दुष्टपणा नव्हता. आईचे पाऊल भाजले तेव्हा रात्रंदिवस कोरफडीचा गर लावणारी तीच होती. पण काही गोष्टी तिच्या दृष्टीने ठरलेल्या होत्या, आणि त्यांतली ही एक.

तेव्हा खेडच्या काकूचे नाव निघाले. वडिलांच्या थोरल्या भावाची ही बायको. काका मुंबईला नोकरीला, मूलबाळ नाही, काकू खेडला एकटी. हाताला चलाख, चार माणसांचा स्वैपाक तिला खेळ वाटे. तिने कायमचे रत्नागिरीला यावे आणि स्वैपाकघर सांभाळावे, असे आजीने ठरवले. वडिलांनी पत्र लिहिले. ते त्यांच्या टेबलावर दौतीखाली पडून होते, कारण तारखेची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती.

एका संध्याकाळी मी आईजवळ बसून तांदूळ निवडत होते. तेव्हा म्हणाली, "तू शाळेत जातेस. हे कोर्टात जातात. काकू आली की मी कुठे जाऊ?"

मी म्हटले, "तू घरातच असशील की."

"घरात असेन गो. पाहुणीसारखी. मीठ कुठल्या डब्यात आहे ते दुसऱ्याला विचारायचं."

त्या रात्री जेवणे झाल्यावर ती वडिलांच्या समोर जाऊन उभी राहिली. एका हातात घरातले उलथणे होते आणि दुसरा, तो तसा अडकलेला हात, तिने पुढे धरला होता. म्हणाली, "हा वळत नाही. मग हे तरी वळवून आणा."

वडिलांना ही कल्पना एकदम पसंत पडली. त्यांना ते भूमितीतले उदाहरण वाटले असावे. हात एका कोनात अडकला आहे, तर वस्तूचा कोन बदलायचा. त्यांनी आजीशी बोलून मुदत घेतली. आजी म्हणाली, "येत्या रविवारच्या पुढच्या रविवारपर्यंत थांबते. तोवर जमलं तर जमलं. नाहीतर पत्र टाकायचं." आमच्या हातात दहा-अकरा दिवस होते.

आराखडा काढायचे काम माझ्याकडे आले. तीन वस्तू ठरल्या: विळी, उलथणे आणि फोडणीची पळी. विळी म्हणजे लाकडी फळीवर उभे केलेले पाते. त्याच्या टोकाला खवणीचा दातेरी गोल असतो. फळीवर एक पाय दाबून जमिनीवर बसायचे आणि भाजी किंवा नारळ पात्याकडे न्यायचा. पाते जागचे हलत नाही, हात हलतात. म्हणून बसलेल्या माणसाच्या हाताची उंची आणि पात्याची उंची यांचा मेळ बसावा लागतो.

मी आईला भिंतीपाशी बसायला सांगितले. ती बसणार तोच आजी म्हणाली, "भुईवर बसवून जित्या माणसाचं माप घेऊ नये. पाट दे तिला." मी शिसवी पाट आणला. आई पाटावर बसली, मी तिच्या कोपराच्या आणि मनगटाच्या उंचीवर भिंतीला कोळशाने खुणा केल्या आणि फूटपट्टीने जमिनीपासून मोजल्या. मग तिच्यासमोर बसून, तिचा हात पाहून पाहून, उलथण्याचे पान दांड्याशी कसे वळवायला हवे ते काढले. ड्रॉइंगच्या जाड कागदावर तिन्ही वस्तू, बाजूला इंचांतली मापे. वडिलांनी तो कागद दिव्याजवळ धरून पाहिला आणि "फर्स्ट क्लास" म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी त्याआधी दोनदाच ऐकला होता.

लोहाराची शाळा गावाबाहेर, हातखंब्याकडे जाणाऱ्या रस्त्याला होती. शाळा म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली मांडवासारखी जागा, मध्ये भट्टी, दगडात रुतवलेली ऐरण आणि पाण्याची दगडी डोणी. त्याचे मुख्य काम बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवणे, नांगराचे फाळ आणि कोयते. माणूस पन्नाशीचा, बोलणे कमी, एक भुवई जळून गेलेली. त्याची बायको भाता ओढी आणि त्याच्या वाटणीचेही बोले.

वडिलांनी कागद पुढे केला. लोहाराने तो आडवा धरून पाहिला, मग उभा.

"काय हाय?" बायकोने भात्यावरून विचारले. "कुनाच्या घराचा नकाशा?"

"विळी, उलथणं आणि पळी," वडील म्हणाले. "मापं सगळी लिहिली आहेत."

लोहार म्हणाला, "विळी कागदावरनं कदी क्येली नाय, भाऊसाहेब. जुनी विळी आना, नायतर बाय बसते कशी ती दाखवा. हात बगाया पायजे."

वडिलांना हे विचित्र वाटले. घरच्या बाईने लोहाराच्या शाळेत येऊन हात दाखवायचा, हे त्यांच्या मनातही आले नसावे. "हात कशाला? हाताचंच माप आहे हे."

मी म्हटले, "अष्टमांश इंचापर्यंत बरोबर आहे."

"अष्टमांश म्हंजी किती गो बाय?" लोहारीण म्हणाली. मी फूटपट्टीवर दाखवले. ती वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "येवडं तर ह्यांच्या एका घावात उडून जातं."

लोहाराने कागदाची घडी करून आढ्याला खोचली. "बरं. कागदात हाय तसं करतंय. मागनं माज्याकडं बोट दावू नका."

वस्तू ठरलेल्या रविवारच्या आदल्या दिवशी तयार झाल्या. वडील कोर्टातून येताना घेऊन आले तेव्हा आजी अंगणातच उभी होती. ती म्हणाली, "आज वार कोणता?" वडील थबकले. शनिवारी आमच्या घरात लोखंड येत नसे. साधी सुईसुद्धा नाही. वडिलांचा यावर विश्वास होता असे मला वाटत नाही, पण त्यांनी वाद घातला नाही. गोणपाटात गुंडाळलेल्या वस्तू त्यांनी गोठ्यात ठेवल्या. गोठा घराला लागून नव्हता, म्हणून तो आजीच्या नियमात बसत असे. "उद्या हळदकुंकू लावून आत घेऊ," आजी म्हणाली, "आणि उद्याच बघू काय ते."

आईला उद्यापर्यंत दम निघाला नाही. दिवेलागणीच्या आधी म्हशीला पेंढा घालायच्या निमित्ताने ती गोठ्यात गेली, पदराखाली फोडलेला नारळ होता. मला तिने दाराशी उभे केले. लोहाराने विळी त्याच्याकडच्या एका जुन्या फळीवर बसवून दिली होती. आईने जमिनीवर बसून फळीवर पाय दाबला आणि नारळाची वाटी खवणीकडे नेली. तिचे कोपर खांद्याच्या रेषेत आले. चार वेळा खवून तिने हात खाली घेतला आणि डाव्या हाताने खांदा धरला. मग तिने उलथणे उचलले. पान वळवलेले होते, पण तिच्या हातात धरल्यावर ते सपाट पडण्याऐवजी आणखीच उलट्या बाजूला वळले. भिंतीकडे तोंड करून बसल्यासारखे. कागद माझा होता.

आईने तिन्ही वस्तू पुन्हा गोणपाटात गुंडाळल्या. "सासूबाईंना यातलं काही बोलू नकोस," ती म्हणाली. "उद्या सकाळी त्या देवळात गेल्या की आपण जाऊ."

"कुठे?"

"लोहाराकडे."

"बाबांना सांगू?"

"बाबा पुन्हा कागद काढतील."

रविवारी आजी देवळात पुराणाला जाई आणि वडील एका स्नेह्याकडे बुद्धिबळ खेळायला. दोघेही अकराच्या आत परतत नसत. आम्ही मागच्या दाराने निघालो. विळी मी घेतली, बाकीच्या वस्तू आणि दोन नारळ आईने. सड्यावरून, म्हणजे गावामागच्या कातळाच्या माळावरून गेले तर रस्ता जवळ पडतो आणि माणसे भेटत नाहीत, म्हणून आम्ही सड्यावरून गेलो. गवत पिवळे पडू लागले होते. आई माझ्यापुढे चालत होती. तिला इतके भराभर चालताना मी त्यापूर्वी पाहिले नव्हते.

लोहाराच्या शाळेत दोन गाडीवान चाक घेऊन बसले होते. आईला पाहून ते उठले आणि काय करावे ते न कळून पुन्हा बसले. लोहारीण म्हणाली, "आंब्याखाली जाऊन विडी वडा जावा. बायामानसांचं काम हाय." ते गेले. मग तिने भट्टीजवळची जागा खराट्याने झाडली.

"बसा, वयनीबाय. घरात बसता तशा बसा."

आई जमिनीवर बसली. लोहाराने विळी तिच्यासमोर ठेवली आणि दोन पावले मागे सरून उकिडवा बसला. तिने खवायला सुरुवात केली. त्याने तिच्या हाताकडे पाहिले, कोपराकडे पाहिले, मग माझ्याकडे वळून विचारले, "माप घेतलंस तवा ह्या कशावर बसल्या व्हत्या?"

"पाटावर," मी म्हटले.

तो हसला नाही. बायको हसली. "मंग पाट बी विळीबरुबर पाठवायचा व्हता. अष्टमांश कुटं गेला गो तुजा?"

पाट दोन बोटे जाड होता. मी जमिनीपासून मोजले, पण आई जमिनीवर नव्हती. विळी बरोबर तेवढीच उंच झाली होती. उलथण्याची चूक त्याने आपणच शोधली. "तू समोर बसून काडलंस. म्हनून तुज्या बाजूनं वळलं. ह्यांच्या बाजूनं नाय." मला रडू येत होते. आई म्हणाली, "तिने मन लावून काढलं होतं हो."

"कागदाचं काम चांगलं हाय," तो म्हणाला. "लोखंडाचं न्हवं."

मग काम सुरू झाले. तुमच्या धाकटीला यातले काही ओळखीचे वाटेल. विळीचे पाते फळीतून काढले. बुडाची टोके भट्टीत लाल केली आणि छिन्नीने दोन बोटे तोडली. लाल लोखंड छिन्नीखाली मऊ गुळासारखे तुटते. राहिलेले बूड ठोकून निमुळते केले आणि पुन्हा फळीत बसवले. आई बसली, वाटी धरली. उंची जमली, पण हात अजून अडखळत होता, कारण वाटी फिरवायला मनगट लागते. लोहाराने खवणीची मान तापवली आणि डावीकडे थोडी कलती केली. पुन्हा डोणीत बुडवली, पुन्हा आई बसली. आणखी कलती केली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "उजवा हात नुसता दाबून ठेवा. फिरवायचं डाव्यानं."

आईने हात थांबवला. "डावा सासूबाईंना चालत नाही. डाव्याने केलेलं देवाला नाही."

लोहार निखारे सारखे करू लागला. तो विषय त्याचा नव्हता. लोहारीण भाता ओढता ओढता म्हणाली, "आनि कणीक कशी मळतात त्या? येका हातानं?"

"कणीक दोन हातांनी," आई म्हणाली.

"मंग तितं डाव्याला सुट्टी कशी?"

आई तिच्याकडे बघत राहिली आणि एकाएकी हसू लागली. हात मोडल्यापासून ती तशी हसली नव्हती. "खरंच गो," ती म्हणाली. "नारळ खवताना तरी कुठे एक हात असतो? उजवा पुढे असला म्हणजे झालं."

तिथून पुढे लोहाराला वाट मोकळी मिळाली. खवणी अशी बसवली की उजवा हात वाटी दाबून धरील आणि डावा ती फिरवील. उलथण्याचे पान मानेशी तापवून त्याने सांडशीत पकडले आणि उलट्या बाजूला पिळले. आता दांडा आईच्या हातात आला की पान तव्यावर सपाट टेकत असे, आणि तिने कोपर वर उचलले की आपोआप उलटत असे. पळीला त्याने वाटीच्या एका बाजूला लहान कडी रिवेटने बसवली आणि वीतभर लांबीचा एक आकडा करून दिला. दांडा उजव्या हातात धरायचा, डाव्या हाताने आकडा कडीत घालून वाटी उचलायची. तेल पलीकडच्या बाजूने सरळ ओतले जाई. शेवटी विळीच्या धारेला पाणी दिले. लोहाराने धार तापवून रंग बघितला, माझ्याकडे बघून "मागं सर" म्हणाला आणि ती डोणीत बुडवली.

तोवर दोन नारळ खवून झाले होते. ते खोबरे घरी नेता येत नव्हते, कारण आजीने कुठून आले ते विचारले असते. आईने ते लोहारणीच्या पदरात घातले. तिने गुळाचा खडा आणून त्यातले थोडे माझ्या हातावर ठेवले. त्यांच्या हातचे आमच्या घरी चालत नसे, पण आई आंब्याच्या झाडाकडे बघत होती, म्हणून मी खाल्ले.

अकराच्या आत आम्ही परतलो आणि गोणपाट पुन्हा गोठ्यात ठेवले. आजी आली, हातपाय धुऊन तिने हळदकुंकवाची करंडी घेतली, वडिलांनी वस्तू ओटीवर आणल्या. विळीला कुंकू लावताना आजीने खवणीची मान बोटाने चाचपली. "ही अशी वाकडी का रे?"

"कागदात तशीच आहे," वडील म्हणाले. त्यांनी विळी पुन्हा नीट पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिले. त्यांनी करंडी आजीच्या हाताशी सरकवली. कागद त्यांना तोंडपाठ होता.

त्या दिवशी आईने घावन आणि नारळाचा रस केला, शिवाय भात, आमटी. आजी स्वैपाकघराच्या उंबऱ्याशी पाट मांडून बसली आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत उठली नाही. आईने नारळ खवला तेव्हा आजीची नजर डाव्या हातावर होती. पहिले घावन फाटले. दुसरे उलटताना आईने कोपर वर उचलले आणि ते अख्खे पालथे पडले. तिसरे, चौथेही तसेच. मग फोडणी आली. आईने पळी उजव्या हातात धरली आणि डाव्या हातात आकडा घेतला.

"पळी कोणत्या हातात आहे?" आजीने विचारले.

"उजव्या."

"आणि तो आकडा?"

"डाव्यात. कणीक मळताना डावा लागतो तेवढाच."

आजीने मान पुढे काढून आकडा पाहिला. "हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही," आई म्हणाली. मी पाने मांडायला बाहेर गेले.

फोडणी आमटीत पडली. एक थेंबही बाहेर गेला नाही. आजीने त्यातूनच देवाचा नैवेद्य वाढून घेतला. जेवणानंतर हात धुताना ती वडिलांना म्हणाली, "ते पत्र आहे का अजून?"

"आहे. आज टाकायचं होतं."

"ते फाड. दुसरं लिही. दिवाळीला चार दिवस ये म्हणावं, फराळाला. पाहुणी म्हणून."

वडिलांनी दुसरे पत्र लगेच लिहिले, यावेळी तारखेसकट. आईने ते पोस्टात टाकायला माझ्याकडे दिले आणि चुलीतली राख काढायला बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तेव्हा तिने मिठाचा डबा आजीने ठेवला होता तिथून काढून पूर्वीच्या जागी ठेवलेला दिसला.

दिवाळीला काकू आली. कामाची बाई, आल्या आल्या पदर खोचून विळीपाशी बसली. नारळाची वाटी खवणीला लावली आणि ती घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. तिने विळी सरळ केली, फळी फिरवली, उजवीकडून बसली, डावीकडून बसली. "अगो, ही विळी आहे की काय आहे? कोणाच्या हाताची आहे ही?"

"माझ्या," आई म्हणाली. "दे इकडे."

काकू चार दिवस राहिली, करंज्या लाटल्या, आजीचे पाय चेपले आणि खेडला परत गेली. जाताना मला म्हणाली, "तुझ्या आईच्या स्वैपाकघरात मला साधं घावनसुद्धा उलटता येत नाही. तिथे माझं काय काम?" ती चिडली नव्हती. नंतरही दर दिवाळीला येत राहिली. येताना स्वतःची विळी मात्र बरोबर आणी.

आईचा हात कधीच सुटला नाही. त्या वस्तूंनी तिने आणखी तीस-एक वर्षे स्वैपाक केला. माझ्या लग्नात पहिल्या पंगतीचे पुरण तिनेच केले. विळीची धार कमी झाली की ती स्वतःच लोहाराकडे घेऊन जाई, उघडपणे, रस्त्याने. आजीने त्याला हरकत घेतली नाही. माझे वडील लोहाराबद्दल बोलताना नेहमी म्हणत की त्याला भूमिती येत नव्हती. मी त्यांना पाटाची गोष्ट सांगितली ती मॅट्रिक झाल्यावर. ते म्हणाले, "फूटपट्टी बरोबर होती ना?"

विळी आणि उलथणे माझ्याकडे आहेत. विळीची फळी दोनदा बदलली आहे, पाते तेच आहे. खवणीचे तीन दात झिजले आहेत. पळीच्या वाटीला भोक पडले म्हणून ती वापरात नाही, पण तिची कडी आणि आकडा शाबूत आहेत. तिन्ही वस्तू माझ्या स्वैपाकघरात ओट्याखाली, खोबरेल तेलाच्या फडक्यात गुंडाळलेल्या आहेत.